ताडपत्रीखाली काय होतं

फोटो स्टुडिओवाल्याला सगळे तबकडीमास्तर म्हणत, आणि तो बिचारा त्याला पदवी समजे. तो तरुण असताना शहरामागच्या टेकडीवर आकाशातून काहीतरी जळत कोसळलं. लष्कराने रस्ते अडवले. संध्याकाळी ताडपत्रीने झाकलेला ट्रेलर निघून गेला, आणि सरकार म्हणालं, काही पडलंच नाही. सरकारने एवढं म्हटल्यावर आणखी काय हवं? परग्रहावरचं यान पडलं आणि सरकारने ते गिळलं, हे सिद्ध करायला मास्तरने जन्म वाहिला. स्टुडिओतलं गिऱ्हाईक आटलं. बायकोने शिवणकामावर घर ओढलं. हा मात्र वाचनालयाच्या हॉलमध्ये व्याख्यानं देई. "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," या वाक्याला टाळी ठरलेली.

गंमत अशी की, ते धूड ट्रेलरवर चढवणारा क्रेनवाला मास्तरचा सख्खा मेहुणा. पण तो ताकास तूर लागू देईना.

"दाजी, मी क्रेन चालवतो. ताडपत्री उचलून बघायचं काम माझं नाही."

मास्तरने त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यात बायकोचं माहेर तुटलं, पण तिला विचारतो कोण?

शिष्यांना मास्तरने एक कसोटी घोटवून पाठ करवली होती. ते साधं विमान होतं असं जो म्हणेल, तो सरकारने पाठवलेला माणूस. उडाला तर कावळा, बुडाला तर बेडूक, असला हा शोध.

एकदा एक बाई मुलाचा फोटो मोठा करून घ्यायला आली. मुलगा वैमानिक. समुद्रावर बेपत्ता झाला असं तिला कळवलेलं, पण दिवस तोच, टेकडीवरचा.

"तुम्ही इतकं शोधलंत. त्यात माझा मुलगा तर नव्हता ना?"

"कोणी पाठवलं तुम्हाला?" मास्तरने विचारलं, आणि फोटो तसाच तिच्या हातात परत ठेवला.

पुढे मेहुणा आजाराने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने निरोप धाडून मास्तरला बोलावून घेतलं.

"दाजी, आपलंच विमान होतं. चाचणीचं. आत एक पोरगा होता. बोललास तर तुरुंगात जाशील, लष्करवाले म्हणाले. नंतर त्यांचा साहेब हसून म्हणाला, तुझा दाजी यानाचं सांगत फिरतोय तोवर पोराचं कोणी विचारणार नाही. फिरू दे त्याला."

मास्तर घरी आला आणि दोन दिवस जेवला नाही. आयुष्यभर ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांचीच ताडपत्री हा फुकटात धरून उभा होता.

मग तो त्या बाईकडे गेला, पाया पडला. हॉलभर लोकांनी सह्या केल्या तर मुलाला कुठे पुरलं एवढं तरी सरकारला सांगावं लागेल, असं त्याने तिला पटवलं. ती आली. थकली होती. फोटो मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसली. मास्तरने सगळं सांगितलं, मेहुण्याचं आणि स्वतःचंही.

मग त्याचा सगळ्यात लाडका शिष्य उठला.

"किती मिळाले, मास्तर?" तो शांतपणे म्हणाला. "आणि या बाईंना कोणी पाठवलं?"

मागून टाळी पडली. सह्यांचा कागद कोराच राहिला. खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या, तशी बाईने फोटो पदराने पुसून पिशवीत ठेवला.

"हे तुम्हीच शिकवलंत ना त्यांना?" तिने विचारलं.

मास्तरने होकारार्थी मान हलवली.