शहाळं हिशेबात नव्हतं

आमच्या घरात शहाळं हे खाणंही नव्हतं आणि पिणंही नव्हतं. विहिरीचं पाणी जसं कोणी मोजत नाही, तसंच ते. मुरुडच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची वाडी आहे, सुपारीची, आणि मधे मधे माड. लग्न होऊन आले त्या दिवशी मला आधी चहा मिळाला नाही. सासूबाईंनी हातात शहाळं दिलं आणि मी पहिला घोट घेईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

"कसं आहे?"

"गोड आहे."

"दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या माडाचं," त्या म्हणाल्या. घरातल्या माणसाची ओळख करून द्यावी, तसं.

ताप आला की शहाळं. उन्हाळी लागली की शहाळं. गावात कोणाला दिवस गेल्याचं कळलं की सासूबाई दोन शहाळी पिशवीत घालून निघायच्या. उपासाला तर ते हक्काचंच. वाडीला पाणी लावून झालं की त्या मागच्या दारी बसून एक प्यायच्या, आणि दुपारी झोपून उठल्यावर एक. मलई खरवडायला शहाळ्याच्याच सालीचा चमचा. त्यांचा तो पायरीवर बसलेला पाठमोरा आकार अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तेव्हा मला तो रोजचाच वाटायचा.

मी गावच्या पतपेढीत हिशेब तपासते. त्यामुळे घरात येणारा छापील कागद आपोआप माझ्याकडे येतो. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी बरीच वर्षं चालू होती, साखर किंचित वर असायची. वर्षातून एकदा रक्त तपासायचो. एका वर्षी क्रिएटिनिन १.२ आलं. कागदावर मर्यादा १.३ पर्यंत छापली होती आणि आकडा ठळक नव्हता, म्हणून कागद घडी करून ठेवला. पुढच्या वर्षी १.४ आलं आणि मुरुडच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं.

"हाच आकडा तुमच्या मिस्टरांचा आला असता, तर मी एवढं बोललो नसतो," ते मला म्हणाले. "क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. सत्तरी ओलांडलेल्या बारीक बाईच्या अंगात स्नायू असतात किती? तरी एवढं साठतंय, म्हणजे गाळणी कमी काम करतेय." त्यांनी मोबाइलवर वय घातलं, बाई असं निवडलं आणि उत्तर मला दाखवलं. चाळीस. साधारण शंभरातले चाळीस, असं समजा, म्हणाले. मागच्या वर्षीच्या १.२ चं उत्तरही मी काढायला लावलं. ते पन्नासच्या आतच होतं.

मग त्यांनी हृदयाचं सांगितलं. मूत्रपिंडं दमली की हृदयावर भार येतो. या वयातल्या बायकांना छातीत दुखेलच असं नाही. दम लागतो, घाम येतो, नुसतंच गळून जायला होतं. त्या म्हणतात वय झालं, आणि घरचेही तेच म्हणतात. त्यांनी रक्तदाबाची गोळी बदलली. नवी गोळी मूत्रपिंडांना चांगली, पण तिनं रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा पंधरा दिवसांनी तपासा. मीठ कमी, पापड-लोणचं बंद, केळी बंद.

"फळं, ज्यूस वगैरे काही घेता, आजी?"

"छे. ज्यूस कुठला आमच्याकडे."

हे अगदी खरं होतं.

रिक्षातून येताना सासूबाई म्हणाल्या, "मूत्रपिंडं म्हणजे पाण्याचंच काम ना गो? मग ती धुऊन निघायला हवीत." त्या दिवसापासून संध्याकाळचं तिसरं शहाळं सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी ते मीच सोलून द्यायचे. गावात कोणालाही विचारलं असतं, तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत एका सकाळी त्या वाडीत पाटाच्या कडेला खाली बसल्या त्या उठेनात. "कुठे दुखत नाही गो. पायांत बळच नाही." नाडी फार सावकाश लागत होती. मुरुडला कार्डिओग्राम काढला आणि डॉक्टरांनी तो हातात देऊन थेट अलिबागला पाठवलं. तिथे पोटॅशियम ६.४ आलं. शेजारी मर्यादा होती ५.१. या वेळी आकडा ठळक होता.

तिथली डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं आम्हा नवराबायकोला बाजूला घेतलं. "क्रिएटिनिनला वेळ असतो. या आकड्याला नसतो. हा आणखी वर गेला तर हृदयाचा ठोका चुकतो, आणि थांबूही शकतो."

इंजेक्शनं दिली, सलाइन लावलं. दुसऱ्या दिवशी ५.४. आम्ही दोघांनी पहिल्यांदा नीट जेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ५.९. नवी गोळी तर पहिल्याच दिवशी बंद केली होती. डॉक्टरनं जेवणाचं ताट विचारलं, औषधं एकेक करून पाहिली. उतरलेला आकडा परत का चढतो, ते कोणालाच कळेना. नवरा खिडकीशी जाऊन उभा राहिला, तो तिथेच.

एव्हाना गावाला बातमी लागली होती. एसटीनं माणसं भेटायला येत होती, आणि आमच्याकडून आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कोणी येत नाही. शहाळी वरून तासून आणलेली असत. चावीनं भोक पाडलं की झालं. कॉटखाली रांग लागली होती.

संध्याकाळच्या फेरीला डॉक्टरचा पाय त्यातल्या एकाला लागला आणि ते घरंगळत शेजारच्या कॉटखाली गेलं.

"हे कोण पितं?" तिनं विचारलं.

"सगळेच," सासूबाई म्हणाल्या. "तू पण घे बाळा. किती दमलीयेस. अगो, चावी दे तिला."

डॉक्टर हसली. मग तिचं हसू थांबलं. "आजी, तुम्ही पण पिता?"

"मी काय जगावेगळी आहे?"

"रोज किती?"

"ते मोजतं कोण?"

मी मोजली. घरी तीन, इथे कालपासून दोन. मी सांगितलं तेव्हा डॉक्टर स्टुलावर बसली.

"आजी, केळी खायची नाहीत, म्हणून सांगितलं होतं ना?"

"केळ्याला शिवले असेन तर शपथ."

"एका शहाळ्यात केळ्यापेक्षा जास्त पोटॅशियम असतं. तुमच्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते रक्तात राहतं आणि हृदयाला धरतं."

सासूबाई कॉटखालच्या रांगेकडे बघत राहिल्या. त्यांनी स्वतःविषयी काहीच विचारलं नाही. म्हणाल्या, "अख्ख्या गावाला पाजलं मी."

"ज्यांची मूत्रपिंडं चांगली आहेत, त्यांना काही होत नाही. तुम्हाला मात्र चालणार नाही."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि मला सगळी शहाळी वाटून टाकायला सांगितली. नर्सताईंना, शेजारच्या बाईच्या लेकाला, झाडूवालीला. स्वतः उशीला टेकून प्रत्येकाला विचारत होत्या, "कसं आहे?" दुसऱ्या दिवशी पोटॅशियम ४.९ आलं. नवरा कागद घेऊन जिन्यात गेला आणि डोळे पुसून परत आला.

त्यानंतरची सहा वर्षं मला आता फार आठवतात. भाज्या चिरून, उकळून, पोटॅशियम उतरलेलं पाणी फेकून मग फोडणीला टाकायच्या. "जीवच काढून घेतलास गो भाजीचा," त्या पहिला घास घेऊन म्हणायच्या, आणि जेवायच्या. आधी दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी रक्त तपासायचो. कागद त्यांनी कधी हातात घेतला नाही. "पाचाच्या आत?" एवढंच विचारायच्या. पाचाच्या आत असायचं. गाळणी पस्तीसपर्यंत उतरली आणि तिथेच टिकली.

शहाळी द्यायचं मात्र त्यांनी सोडलं नाही. पाहुणा आला की पहिलं शहाळं त्याच निवडायच्या, बोटानं टिचकी मारून. मी कामावरून आले की मागच्या दारी माझ्यासाठी एक सोलून ठेवलेलं असायचं, आणि त्या समोर बसायच्या.

"कसं आहे?"

"सपक आहे," मी म्हणायचे. त्यांना मोह होऊ नये म्हणून.

पहिल्यांदा म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "दक्षिणेच्या कोपऱ्यातल्या माडाचं पाणी सपक? आकडे सगळे खरे सांगतेस, आणि एवढं एकच खोटं बोलतेस."

"सपक आहे, आई."

"बरं हो बाई. सपक तर सपक."

मग ते आमचं रोजचंच झालं. त्या विचारायच्या, मी सपक म्हणायचे, त्या "बरं" म्हणून उठायच्या. एका वर्षी चक्रीवादळात वाडीतले निम्मे माड आडवे झाले, तरी कोपऱ्यातला राहिला. वादळ सरल्यावर त्या आधी तिकडे गेल्या, छपराकडे नंतर पाहिलं.

एका दुपारी झोपल्या त्या उठल्या नाहीत. हृदयच. पण मशीनवर रक्त धुवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

माझं क्रिएटिनिन यंदा ०.९ आलं. ठळक नव्हतं, तरी मी वय घालून हिशेब केला. शंभरातले सत्त्याहत्तर. ओळखीच्या बायकांचे कागद आले की त्यांचाही करून देते, आणि शहाळं किती पिता ते वेगळं विचारते.

त्यांच्या वर्षश्राद्धाला पान वाढताना मी लोणच्यापाशी अडखळले. नवरा बघत होता. "वाढ आता. तिला आता कुठला रिपोर्ट द्यायचाय?" मी लोणचं वाढलं, तळलेला पापड ठेवला. मग तोच म्हणाला, "आणि शहाळं?"

कोपऱ्यातल्या माडाचं सकाळीच काढून ठेवलं होतं, पण पुढे आणायला हात धजत नव्हता. मी ते सोललं आणि फुलपात्र भरून पानाशी ठेवलं. उरलेलं घेऊन मागच्या दारी पायरीवर बसले आणि प्यायले.

गोड होतं, आई.