सुळक्याच्या अहवालातली दुरुस्ती

संयुक्त महाराष्ट्रासाठी ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीनेही काहीतरी केलं पाहिजे, असं चाळीच्या मंडळाला वाटू लागलं. मोर्चात जाऊन लाठ्या खायची कुणाची तयारी नव्हती. म्हणून कर्जतकडच्या एका सुळक्यावर झेंडा लावायचं ठरलं. तो तिथे कुणाला दिसणार, असं विचारणाऱ्याला आम्ही फितूर ठरवलं.

आम्ही पाचजण निघालो. चौघे कारकून आणि तळमजल्यावरचा माझा मित्र, परळच्या गिरणीतला फिटर. तो मालवणकडचा, लहानपणापासून माडांवर चढलेला. दोर रे रोडच्या वखारीतून आणला होता, ओंडके बांधायचा. आधी कुणी चढायचं हे आम्ही नोकरीतल्या ज्येष्ठतेवर ठरवलं. पहिले मंडळाचे अध्यक्ष, कारण ते हेडक्लार्क. मग चिटणीस म्हणून मी. फिटर सगळ्यात शेवटी.

सुळका जवळून वेगळाच निघाला. वाळलेलं गवत पायाखालून सटकत होतं, आधाराला धरलेला दगड हातातच येत होता, आणि एका कपारीला आग्यामोहोळ लोंबत होतं. अध्यक्ष पुरुषभर चढले आणि तिथूनच ओरडले, "मला रक्तदाबाचा त्रास आहे, याची नोंद घ्या!"

त्यांना उतरवून घेतल्यावर पाळी माझी होती. मी म्हणालो, "या लढ्यात कामगारवर्गाला संधी मिळाली पाहिजे."

"भियालंस म्हणान सांग मरे," फिटर म्हणाला आणि सदरा काढून चढू लागला.

अर्ध्या तासात झेंडा लागला. उतरताना त्याने दोर वरच्या खडकाला वळसा घालून खाली सोडला. एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं माझ्या हातात. मी थोडा थोडा सोडायचा, एवढंच काम. तेवढ्यात अध्यक्षांनी श्रमपरिहार म्हणून सिगारेट पेटवली. धूर वर गेला आणि दोन माश्या खाली आल्या. दोनच. मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

तो दीड-दोन पुरुष खाली आपटला. गुडघा फुटला.

अहवाल मी लिहिला, वळणदार अक्षरात. झेंडा चिटणिसांनी लावला; फिटर स्वतःच्या धसमुसळेपणामुळे घसरले. मंडळाच्या वार्षिक सभेत कुठलीही गोष्ट सूचक आणि अनुमोदक मिळाले की खरी होत असे. सूचक अध्यक्ष झाले. अनुमोदनासाठी मी फिटरच्या खोलीवर गेलो. "चळवळीत फूट दिसायला नको रे. एकदा राज्य होऊ दे, मग अहवाल दुरुस्त करू."

तो पहिल्या रांगेत प्लास्टरमधला पाय लांब करून बसला आणि म्हणाला, "अनुमोदन." मला शाल-नारळ मिळाला. गिरणीत दिवसभर उभं राहणं त्याला पुन्हा जमलं नाही. नोकरी गेली आणि तो एका वखारीच्या दारात राखणदार म्हणून स्टुलावर बसू लागला.

राज्य झालं. चाळीवर रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. अहवाल तसाच राहिला. मी मात्र दर दिवाळीला त्याच्याकडे फराळाला जात राहिलो, पन्नासहून जास्त वर्षं.

गेल्या महिन्यात दुरुस्ती लिहून त्याच्या हल्लीच्या लालबागच्या घरी गेलो. वाचायला लागलो, तर त्याने हात वर केला. "माका नको वाचू. सुनेक वाचून दाखय. ती माका माळ्यावर चढूक देना नाय. म्हणता, तुम्ही पयल्यापासून धसमुसळे."

सुनेने गॅस बंद केला आणि उभ्यानेच सगळं ऐकलं. मग मला म्हणाली, "आणि इतकी वर्षं माझ्या हातच्या चकल्या खात होतात, काका?"

फिटर तोवर उठला होता. माळ्यावरची त्याची जुनी हत्यारांची पेटी त्याला काढायची होती. मी घाईने स्टूल पुढे केलं आणि धरून उभा राहिलो.

"सूनबाय," तो म्हणाला, "स्टूल तू धर गो. ह्येच्याकडे नको."