भिंतीला हात लावू नका

आधीच सांगते, मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. भुतंखेतं, अंगात येणं... यातलं काही मी मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण ज्यांनी ते पाहिलं-ऐकलं त्यांतली मी एकटीच उरलेय.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ भरात होती. आम्ही परळला राहायचो, मी कॉलेजात होते. आप्पा — माझे वडील — छापखान्यातून रिटायर झाले आणि फंड मोडून त्यांनी भोईवाड्यात दोन खोल्यांचं जुनं बैठं घर घेतलं. भाड्याने द्यायचं, म्हणजे म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको. पण मधली भिंत फुगलेली, नळ बंद, दारं कुजलेली.

आणि भरवशाचा माणूस मिळेना. पहिल्या गवंड्याने नुसती वाळूच थापली. आठवड्यात गिलावा खाली. नळवाला पितळी नळ घेऊन गेला तो गेलाच. बरा कारागीर सापडलाच, तर आज हरताळ, उद्या मोर्चा...

शेवटी माझगावचे पास्कल मिस्त्री आले. आप्पांच्या ओळखीतले, शब्दाचे पक्के. दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही गेलो, तर थापी-ओळंबा पिशवीत भरून ओट्यावर बसलेले.

"आप्पा, माझ्याच्यानं नाय व्हायचं. आत ती बाई हाय ना... म्हणते, भिंतीला हात लावू नका, माझा मुलगा यायचाय."

आत कुणीही नव्हतं. मागचं दार तर खिळे ठोकून बंद केलेलं.

मग घोडपदेवचा एक मालवणी सुतार आणला. पास्कलना तो ओळखतही नव्हता. दुपारी रंधा तसाच टाकून बाहेर आला.

"आप्पानू, ती बाय सांगता, भितीक हात लावू नको, माझो झील येवचो हा."

तेच शब्द! शेजारी विचारलं. मोर्चात गेलेला कुणी मुलगा, त्याची आई... असं काही असेल, असं मला वाटलं होतं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "छे गं! तिथे कायम गिरणीतल्या बाप्यांचंच बिऱ्हाड. बाईमाणूस कधी राहिलंच नाही."

आई चिडून म्हणाली, "त्या वाळू थापणाऱ्या नि नळ पळवणाऱ्या चोरांना नाही बरी दिसली ती!"

"मीच करतो," म्हणत आप्पा थापी घेऊन निघाले. मी सोबत गेले, ओट्यावर पुस्तक घेऊन बसले. लख्ख ऊन होतं. जरा वेळाने आतून आप्पांचा आवाज आला. फक्त त्यांचा.

"हो... कधी गेला?... बरं... नाही, नाही लावत. तुम्ही रडू नका."

मी धावत आत गेले. आप्पा भिंतीपुढे उभे, हात जोडलेले. खोली रिकामी.

"कोण होतं, आप्पा?"

"चल घरी."

त्यांनी कुलूप लावलं ते परत काढलंच नाही. भाडेकरू ठेवला नाही, घर विकू दिलं नाही. आई भांडली, रडली, मग दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला जाऊ लागली. चार वर्षांनी आप्पा गेले. पुढच्या पावसाळ्यात छप्पर बसलं, तरी ती भिंत उभीच होती.

ती पाडली त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. आत विटा आणि माती. बाकी काही नाही.

आप्पा कुणाशी बोलत होते, मला आजही माहीत नाही. आईला मात्र शेवटपर्यंत एकच विचारायचं होतं — त्या बाईचं ऐकलंत, माझं का नाही ऐकलंत?