शेळीनं पास केलेलं कुंपण

कुंपणाला काय लावायचं असं कुणी विचारलं, की शिरपूरची गोजराबाई चार-पाच झाडांच्या फांद्या तोडून आणते आणि आपल्या बिजली नावाच्या शेळीपुढं टाकते. बिजलीनं खाल्लं ते झाड नापास. हुंगून तोंड फिरवलं, ते लावायचं. "माणसाच्या नजरेचं मंग पाहू, आधी बकरीच्या तोंडातून वाचलं पाह्यजे," असं ती ठणकावून सांगते, आणि तिच्याशी वाद घालायला आजवर कुणी धजावलेलं नाही.

तिच्या स्वतःच्या घरावर वेळ आली ती नव्या रस्त्यामुळं. जुन्या रस्त्यावरच सिमेंट ओतलं गेलं, रस्ता कमरेएवढा वर चढला आणि घर राहिलं खाली. अंगणाची भिंत नावापुरती उरली. गोजराबाईची सून निकिता मळ्यात वाढलेली, मोकळ्या हवेची पोर. ती न्हाऊन केस वाळवायलासुद्धा बाहेर येईना. दिवसभर कोंदट खोलीत बसून तिचा चेहरा उतरला. गोजराबाईला ते बघवत नव्हतं.

"टिनं ठोकून देतो," नवरा जानराव म्हणाला.

"अन् अंगणाची भट्टी करता? हवा कुठून येईन?"

मग बिजलीची परीक्षा झाली. जास्वंद तिनं फस्त केली, शेवगा तर देठासकट. अडुळसा आणि निरगुडी यांच्याकडं मात्र ढुंकून पाहिलं नाही. गोजराबाईनं रस्त्यावर उभं राहून अंदाज घेतला आणि अडुळसा निवडला, कारण तो बुडापासून दाट होतो. पावसाळ्यात त्याच्या फांद्यांचे तुकडे लावले. दुसऱ्या वर्षी डोक्याच्या वर गेले.

"बस आता खुशाल," तिनं सुनेला सांगितलं. निकिता बसली. आठ दिवस घरात हसणं ऐकू आलं.

नवव्या दिवशी शेजारची सुगराबी बसमधून उतरली ती थेट दारात. "गोजराबाई, तुयी सून केस वाळवून राह्यली होती ना? खिडकीतून साफ दिसली. मागचे दोन पोट्टे तर वाकून वाकून पाह्यत होते."

निकितानं ऐकलं, पदर सावरला आणि आत गेली. दार लागलं. गोजराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. साऱ्या गावाला अक्कल वाटणारी बाई, आणि पायी चालणाऱ्याच्या डोळ्यानं कुंपण मोजून बसली! बसमधला माणूस किती उंचावर बसतो, हे तिच्या ध्यानीमनीच नव्हतं.

पण रडत बसणं तिच्या स्वभावात नाही. दुसऱ्या दिवशी ती रिसोडच्या बसमध्ये चढली, खिडकीची जागा पकडली आणि आपलंच अंगण परक्यासारखं पाहिलं. बाज, न्हाणी, दोरीवरचे कपडे, सगळं उघडं. पुढच्याच फाट्यावर उतरून ती चालत परत आली.

"अडुळशाच्या मागं निरगुडी," तिनं जाहीर केलं. "ते वर जाते, बुडाशी इरळ राह्यते. खालचं हा झाकते, वरचं ते झाकीन."

जानरावानं मान डोलावली. निकिता दाराआडून म्हणाली, "आई, आता मी नाही बसणार."

"नको बसू. आधी मी पाह्यतो, मंग तू."

दोन पावसाळे गेले. निरगुडी घरावरच्या पत्र्याच्याही वर पोचली, निळ्या तुऱ्यांनी भरली. एका सकाळी गोजराबाईनं सुनेपुढं बाज टाकली. "बस तिथं. मी बसमधून पाहून येतो. दिसली, तर सगळं कुंपण तोडीन."

निकिता थोडी घुटमळली, मग बसली.

बस घराजवळ आली. गोजराबाईनं काचेला नाक लावलं. फक्त पानं होती. तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाला तिनं विचारलं, "भाऊ, तिथं काही दिसते का?"

त्यानं वाकून पाहिलं. "काई नाही बाई. झाडंच आहेत. काय दिसाले पाह्यजे होतं?"

"सून," गोजराबाई म्हणाली, आणि भरल्या डोळ्यांनी हसू लागली.