बकरी घेऊन चालणारा म्हातारा

सन २०२३. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा धुळ्याची गल्ली सोडून जळगावच्या टोकाला, मुलाच्या नव्या घरात राहायला आलो.

धुळ्याची आमची गल्ली इतकी दाट, की बाया या ओट्यावरून त्या ओट्यावर लोणच्याची वाटी हातानेच द्यायच्या. रिक्षा आत शिरत नसे. दळण, दूध, देऊळ, मशीद, सगळं पायी. बाहेर पडलं की चौघे हाका मारायचे आणि चौघांकडे वळावं लागायचं. व्यायाम कोणी केला नाही, पण गुडघ्याने कधी तोंड उघडलं नाही.

इथे कॉलनीत दोन घरांमध्ये मोकळे प्लॉट आणि बाभळी. किराणा लांब, माणूस त्याहून लांब. जो तो गाडीवर. मीही ओसरीत बसून राहिलो आणि डावा गुडघा आखडला. डॉक्टर म्हणाले, "चाला रोज. नाहीतर आधी काठी, मग चाकाची खुर्ची."

जन्मभर बाजारात हातगाडी ओढली मी. मला खुर्ची?

त्याच संध्याकाळी चालायला निघालो. कोपऱ्यावर पहिली गाडी थांबली.

"आबा, कुठे? बसा मागे."

"कुठेच नाही. चालतोय."

"मुलाशी भांडलात का?"

आमच्याकडे म्हातारा पायी दिसला की गाडी थांबवायचीच, आणि त्याने नाही म्हटलं की घरात काहीतरी बिनसलंय असं समजायचं. रोज हेच. शेवटी सून रडवेली झाली. "बाबा, लोक मला नावं ठेवताहेत. म्हणतात, सासऱ्याला रोज घराबाहेर पिटाळते."

मी म्हटलं, मग मी धुळ्याला जातो. पिशवी भरली. खरं तर जायचं नव्हतं. सुनेच्या हातची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, ओसरीतला वारा, मला इथलं सगळं आवडलं होतं. पण पाय घालवून भाकरी कोण खाईल?

पिशवी घेऊन ओसरीत बसलो होतो. समोरच्या बांधकामावर राखणदार नवरा-बायको राहायचे, शिरपूरकडचे. ती बाई बकऱ्या चारून परत येत होती. दोन गाड्या तिच्याजवळून गेल्या, एकही थांबली नाही.

मी विचारलं, "बाई, तुला कोणी बसा म्हणत नाही?"

ती हसली. "नाना, बकरीले कोन गाडीवर बसाडस?"

मी पिशवी खाली ठेवली. "सकाळी एक बकरी मला देशील? चारून आणतो."

"काळी लई जा," तिने काळ्या बकरीकडे बोट दाखवलं. "पन ती हट्टी शे."

"बघू कोण जास्त आहे."

घरात सांगितलं तर मुलगा पोट धरून हसला. सून म्हणाली, "आता लोक काय म्हणतील?"

"म्हाताऱ्याला बकरीचं वेड लागलं म्हणतील. तुला कोणी काही बोलणार नाही."

ती म्हणाली, "येताना कढीपत्ता आणा. आणि बकरीला खाऊ देऊ नका."

तिनेच माझी पिशवी रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काळीची दोरी हातात धरून रस्त्याला लागलो. मागून गाडी आली, हळू झाली. गाडीवाल्याने बकरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. काळीने बाभळीकडे ओढलं, मी किराण्याकडे ओढलं. आधी बाभळीकडे गेलो.