एक कडवं रम

डोंगरउतारावरच्या त्या जमैकन वाडीत नाताळचं सॉरेल, म्हणजे लाल सरबत, घरोघरी होई, पण आयसिल्डाचं ते आयसिल्डाचं. अंबाडीची लाल बोंडं सोलायची, ठेचलेलं आलं नि लवंगा टाकून वर उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी गाळून साखर. इतपत कुणालाही जमतं. खरी मेख रमची. आणि आयसिल्डा पडली चर्चची कडवी बाई. बाटलीला तिनं जन्मात बोट लावलं नव्हतं.

मग रम पडायची कशी? तर आयसिल्डा चुलीकडे तोंड करून नाताळचं गाणं म्हणायची आणि तिच्या पाठीमागे नवरा, लिनवल, पातेल्यात बारीक धार धरायचा. पहिलं कडवं संपलं की ती गातगातच वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात जायची. आपल्या घरात काय चालतं हे तिला, म्हणे, ठाऊक नव्हतं. बाटली उघडली की लिनवल आधी मेलेल्यांच्या नावानं चार थेंब जमिनीवर सांडायचा.

"मेलेले पितील, पण फरशी पुसायला येतील का?" ती पाठमोरीच करवादायची. थेंब कसले, हे मात्र विचारत नसे.

यंदा पावसाळ्यात लिनवल गेला. नाताळच्या सकाळी नेहमीसारखी अख्खी वाडी तिच्या ओट्यावर येणार होती. सॉरेल फिकं निघालं तर लोक म्हणणार, लिनवलबरोबर त्या घराची चवही गेली. ते तिला सोसलं नसतं.

आदल्या दुपारी तिनं शेजारच्या मर्लीनला बोलावलं.

"मी गाते. तू माझ्या मागे उभी राहा."

"उभी राहून काय करू?"

"ते मला कशाला विचारतेस?"

मर्लीन काय समजायचं ते समजली. मोरीजवळची बाटली तिनं न विचारता काढली. एक कडवं झालं. आयसिल्डा वळली. मर्लीननं डावानं चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"पाणचट!"

"असं कसं? कडवं पुरं म्हटलं की मी!"

"अगं बाई, एका कडव्यात काय होतंय? तू अंगणात गात बसायचीस, तोवर लिनवल ओततच असायचा. गाणं संपेपर्यंत! खिडकीतून दिसायचं की आम्हाला."

"म्हणजे सगळ्या वाडीला ठाऊक?"

"पास्टरसकट. उगाच का ते दुसरा ग्लास मागतात?"

"इतकी वर्षं मला फसवलं मेल्यानं!" आयसिल्डा कडाडली आणि तिनं जीभ चावली. शिवी यंदा खरी होती. ती स्टुलावर बसली, पदर नसल्यानं अॅप्रनलाच डोळे पुसले आणि उठली.

"आण ती बाटली."

"तू ओतणार?"

"मग काय तो येणार आहे?"

तिनं आधी सकाळीच पुसलेल्या फरशीवर चार थेंब सांडले. "घे, चोरा," म्हणाली. मग पातेल्यावर बाटली कलती करून पहिल्यापासून गाणं धरलं. शेवटच्या कडव्याला सूर कुठल्या कुठे गेला, पण धार तुटली नाही.

सकाळी पास्टरांनी पहिला ग्लास रिकामा केला, मिशी पुसली आणि तो पुढे केला. दर वर्षी हा दुसरा ग्लास लिनवल भरायचा आणि आयसिल्डा तोंड फिरवायची; रीतीप्रमाणे सगळे त्याचीच वाट बघत राहिले. तिनं पास्टरांच्या डोळ्यांत बघत ग्लास काठोकाठ भरला.

"लिनवलचा आहे," ती म्हणाली. "सांडू नका."