आमचा दुपारचा पार

आमच्या घरात गव्हाचं पीठ यायचं ते पखवाजासाठी. माणसांना दोन्ही वेळ पेज, आणि रापणीच्या जाळ्याला मासळी लागलीच तर सोबत बांगडा. पखवाजाच्या डाव्या तोंडावर मळलेली कणीक थापल्याशिवाय तो घुमत नाही, म्हणून पसाभर पीठ डब्यात राखलेलं असे. त्याला हात लावायची आम्हा भावंडांना बंदी. आम्ही उपाशी झोपलो तरी चालेल, पखवाज उपाशी राहता कामा नये, हा घरचा कायदा.

आजा वाजवायचा, बाबा वाजवायचे, काका मुंबईच्या गिरणीत गेला तो पखवाज काखेत मारूनच. देवबागच्या आमच्या देवळात दिवाळीनंतर सप्ता असे, सात दिवस अखंड भजन. एकेका घराला तीन तासांची पाळी, तिला पार म्हणत. दुसऱ्या दिवशीचा दुपारचा पार आमचा, आज्याच्या आज्यापासूनचा.

मी अकरावीत होते. सप्त्याला दोन दिवस उरले असताना रापण ओढताना दोराने बाबांच्या उजव्या हाताला वेढा घातला नि मनगट सुजून टम्म झालं. संध्याकाळी देवळाचे मानकरी दारात हजर.

"वाजवणारो नाय, तर पार वरच्या वाडीक देवचो लागतलो."

"आमचा चेडू वाजवतला," बाबा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

पालथ्या होडीच्या फळीवर मी लहानपणापासून बाबांचे बोल बडवत आले होते. ते पाठमोरे असत, पण चुकलं की खाकरत.

"बायलमाणूस देवळात पखवाज घेवन बसतला?"

आत्या मासे विकून नुकतीच आली होती. रिकामी टोपली आपटून म्हणाली, "पार घराचो की मिशयेचो? मिशयेचो आसलो तर आमच्या बोक्याक बसवतंव!"

मानकऱ्यांना हसू आवरेना. "बरां. पण भजनात खंड पडलो, तर पार गेलो."

पुढे मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. पण पाराच्या दिवशीचं माझं शहाणपण सांगते. सकाळी डबा उघडला तर पीठ किडलेलं. कणीक मळायचं काम नेहमी बाबांचं. मी कुणाला न विचारता सप्त्याच्या घावण्यांसाठी दळलेलं तांदळाचं पीठ मळलं आणि थापलं. पीठ ते पीठ!

अर्धा तास झकास गेला. मग पीठ वाळलं, तडकलं आणि एकेक खपली माझ्या परकरावर पडू लागली. पखवाज रॉकेलच्या डब्यासारखा वाजायला लागला. मानकरी मान पुढे काढून बघू लागले.

बाबा शेजारीच गात होते. वाकून म्हणाले, "गो, ह्यो पखवाज आसा, घावणो नाय!" आणि त्यांनी मुद्दाम अगदी संथ चालीचा अभंग धरला. मी एकट्या उजव्या हाताने कसाबसा ठेका सांभाळला. भजन चालू होतं, पण लंगडत.

आत्या केव्हाच उठली होती. देवळामागे शाळेचे मास्तर राहत, घाटावरचे. त्यांच्याकडे रोज पोळ्या. आत्या तिथे शिरली तेव्हा मास्तरीणबाई पोळी लाटायला बसल्या होत्या.

"अहो, पोळ्यांची कणीक आहे ती!"

"आज देवाक जेवंदे बाय, मास्तराक उद्या!" म्हणत आत्याने परातीतला गोळा उचलला आणि धावत देवळात आली. तो मी थापला, पाण्याचा हात फिरवला आणि डावा हात मारला. अशी घुमली थाप की खांबाला टेकून पेंगणारे म्हातारे दचकून टाळ्या वाजवू लागले. बाबांनी गजर घेतला. मानकऱ्यांनी झांज उचलली ती खाली ठेवलीच नाही. पुढच्या पाराची वरची वाडी दारात येऊन ताटकळली, तर मानकरीच त्यांच्यावर खेकसले, "वायच थांबा रे! चेडवाचो गजर पुरो होवंदे."

खंड पडला नाही. दुपारचा पार आमच्या घरीच राहिला, आणि पुढची चार वर्षं, कॉलेजातून सुट्टी काढून येऊन, तो मीच वाजवला.